सर्व्हरले कुलूप कायले पाहिजे?

भाऊ, आधी अभिनंदन! व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला, त्याच्यावर सीपॅनल (साइट सांभाळायचं पॅनल) चढवलं, आता आपल्या नागपुरातलं धरमपेठेतलं बुटिक, इतवारीतले होलसेलवाले काका अन् मेव्हण्याचे कोचिंग क्लासेस, सगळ्यांच्या साइट तुमच्याकडेच येऊन राहिल्या. आता चार शहाणे येऊन सिक्युरिटी सिक्युरिटी करत डोकं खातील, त्यांना तर्री पोहे खाऊ घाला आणि वाटेला लावा.

रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या सर्वेसर्वा खात्याचा, पासवर्ड सोपा ठेवा, शहराचं नाव आणि पुढे एक दोन तीन, बस झालं. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर पिन करून ठेवायचा म्हणजे कोणी रात्री फोन करून उठवत नाही, आणि डिझायनर पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला तरी त्याला ग्रुपमधून काढू नका, उगाच वाईट वाटतं बिचाऱ्याला. टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोडही टाकायचा, तर अजिबात नको. मे महिन्यात बर्डीच्या सिग्नलवर कोण मोबाईल काढून सहा आकडे बघत बसते?

एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायचं दार, २२ नंबरच्या पोर्टवरच राहू द्या, रूट लॉगिन चालू, पासवर्डऐवजी चावीची फाइल-बिइलची भानगड नको. लॉग उघडला तर कुठले कुठले बॉट रात्रभर पासवर्ड टाकून बघत असतात, म्हणून लॉग उघडायचाच नाही. डब्ल्यूएचएममध्ये (सीपॅनलचं सर्व्हरवाल्याकडचं पॅनल) सीपीहल्क नावाची एक गोष्ट असते, सारखा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला ती बाहेर ठेवते. आता झालं असं की होलसेलवाले काका स्वतःच चुकवत बसले, अडकले, आणि भर दुपारी फोनवर फोन. काकांचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे अडवायचं नाही अशा यादीत, टाकता येतो म्हणे, पण एवढं कोण करते? हल्कच बंद करून टाका, काका खूश, बॉटही खूश.

फायरवॉल? सीएसएफ टाकलेला आहे ना, मग झालं! त्याला बनवणारी कंपनी ३१ ऑगस्ट २०२५ ला बंद झाली ही बातमी तुमच्यापर्यंत आली नसेल तर चांगलंच आहे, टेन्शन नाही. तसंही तुमचं सेंटओएस ७ (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम) सुद्धा ३० जून २०२४ पासून बिनवारशाचंच आहे आणि पीएचपी ५.६ चे (साइट ज्या भाषेत चालतात ती) अपडेट २०१८ च्या शेवटी संपले, म्हणजे सगळं घराणं एका वयाचं, आपसात जमते त्यांचं. कोणी म्हटलं अल्मालिनक्स या दुसऱ्या सिस्टीमवर जा, तर म्हणायचं दिवाळीनंतर बघू. कोणती दिवाळी ते सांगायचं नाही.

२०१९ मध्ये सीपॅनलने अकाउंट मोजून पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हापासून तुमचा जीव जळतो, मला माहीत आहे, तर टेलिग्रामवरून स्वस्तातलं लायसन घ्या. अट एवढीच की त्यांची एक स्क्रिप्ट रूट म्हणून चालवायची. परका माणूस इतक्या प्रेमाने आपल्या घरात काम करायला तयार आहे, त्याला नाही कसं म्हणायचं!

आता खरी कला ऐका. क्लासेसच्या साइटवर फोटो अपलोड होत नाही? फाइल मॅनेजर उघडा, पब्लिक एचटीएमएल या साइटच्या फोल्डरवर राइट क्लिक, परमिशन, नऊच्या नऊ चौकोनात टिक, ७७७, म्हणजे कोणीही या, वाचा, लिहा, चालवा. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ (लिहायचा हक्क फक्त मालकाला) पुरते असं पुस्तकवाले म्हणतात, कारण पीएचपी तुमच्याच युजरच्या नावाने चालते आणि अडचण मालकीत असते, परमिशनमध्ये नाही. पण मालकी तपासायला दोन मिनिटं लागतात. कुठे सर्व्हर पाचशेचा एरर फेकून ७७७ नाकारतो, तिथे पॅनललाच शिव्या द्या. मग वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलची एक कॉपी तिथल्या तिथे काढून पुढे डॉट बॅक जोडा. मूळ फाइल पीएचपी असते म्हणून सर्व्हर ती चालवतो, आत काय लिहिलंय ते दाखवत नाही. ही कॉपी मात्र साधी टेक्स्ट म्हणून सरळ ब्राउझरमध्ये उघडते, डेटाबेसच्या नाव-पासवर्डासकट! विसरलात की गूगल करायचं, कुठे ना कुठे सापडेलच.

बॅकअप रोज घ्या, पण त्याच डिस्कवर, स्लॅश बॅकअपमध्ये. दुसरीकडे पाठवायला पैसे लागतात. आणि रिस्टोअर करून बघायचं नाही, अपशकुन होतो.

ऑटोएसएसएल, म्हणजे https चं सर्टिफिकेट आणून देणारं, तेवढं ठेवा. फुकट आहे, नव्वद दिवसांचं सर्टिफिकेट आपोआप नवं होते, आणि क्लायंटला ठासून सांगता येतं की साइट सिक्युअर आहे. ते फक्त वाटेतला डेटा झाकते, आत बसलेल्या चोराचाही तेवढ्याच इमानदारीने झाकते, हे सांगून उगाच गिऱ्हाईक घाबरवू नका.

एखाद दिवशी बुटिकच्या मेलबॉक्समधून रात्रभर स्पॅम सुटेल, आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जाईल, काकांची बिलं जीमेलवरून परत येतील. घाबरायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत जाऊन ‘मालवेअर घेऊन जा गे मारबत’ म्हणून जोरात ओरडा, पिवळी-काळी दोघींनाही सांगा. तोवर जुना बॅकअप वर चढवा, पासवर्ड तोच, प्लगिन तेच, ७७७ तेच, आणि काकांना ‘सिक्युरिटी ऑडिट’ म्हणून बिल पाठवा. अठरा टक्के जीएसटी तेवढा लावा, त्या डिपार्टमेंटची मात्र खरी भीती आहे.