१ टीबीच्या हार्डडिस्कमधले ६९ जीबी कुठे गेले? : एक स्टार देणाऱ्या ग्राहकांना उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून १ टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क नेलीत, लॅपटॉपला लावली तर ९३१ जीबीच दिसते, उरलेले ६९ जीबी आम्ही खाल्ले, 'हे दुकान काटा मारतं' असं तुमचं म्हणणं. मित्राच्या मॅकबुकवर तीच डिस्क पूर्ण १ टीबी दाखवते, म्हणजे आम्ही सेटिंगमध्ये काहीतरी करून ठेवलंय, असाही संशय आहे. आणि ६९ जीबीचे पैसे परत हवेत.

पैसे परत मिळणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. जागा कमी दिलेलीच नाही. पण काटा मारल्याचा आरोप तुम्ही चारचौघांत केलाय, तर हिशेबही चारचौघांत होऊ दे.

डिस्क लावा. 'धिस पीसी' उघडून तिच्यावर राइट क्लिक करा आणि प्रॉपर्टीजमध्ये जा. कपॅसिटीच्या ओळीत दोन आकडे दिसतील. उजवीकडचा ९३१ जीबी तुम्ही पाहिलात. डावीकडचा लांबलचक आकडा बहुतेक कुणी वाचत नाही, तो बाइटमधला आहे. तेरा अंकी संख्या आहे, सुरुवातीला १ आणि त्यामागे तीन शून्यं. म्हणजे एक लाख कोटी बाइट आणि वर थोडी चिल्लर. आता खोकं फेकलं नसेल तर उलटं करून बारीक अक्षरं वाचा. १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, असं कंपनीनेच छापलंय. बोलल्याप्रमाणे माल पूर्ण आहे.

मग ९३१ आले कुठून? हार्डडिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, साधा हजाराचा हिशेब. विंडोज हजाराने मोजत नाही, १०२४ ने मोजतं. १०२४ बाइटचा केबी, तसे १०२४ केबी म्हणजे एमबी, तसे १०२४ एमबी म्हणजे जीबी. हा जीबी होतो १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. एक लाख कोटीला याने भागा, उत्तर येतं ९३१.३२. माप मोठं घेतलं की मापांची संख्या कमी भरते, माल तेवढाच राहतो.

तुमच्या मित्राचा मॅक खोटं बोलत नाही आणि आम्ही सेटिंगलाही हात लावलेला नाही. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्ड या मॅकच्या सॉफ्टवेअर आवृत्तीपासून मॅकवर हजाराने मोजायला सुरुवात केली, म्हणून तिथे खोक्यावरचा आणि स्क्रीनवरचा आकडा जुळतो.

एकरभर जमीन घेतली आणि सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर आलं, तर तलाठ्याने साठ टक्के रान गिळलं असं कुणी म्हणत नाही. पण तिथे निदान 'हेक्टर' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. विंडोज मोजतं एका मापाने आणि नाव लिहितं दुसऱ्याचं, खरी गोम इथे आहे. १०२४ वाल्या मापांना वेगळी नावं १९९८ सालीच आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने दिली : किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. लिनक्स या (विंडोजसारख्याच) सिस्टिमवरचे बरेच प्रोग्राम ती वापरतात. विंडोजने अजून मनावर घेतलेलं नाही. माझ्या मते ग्राहकांच्या डोक्याला हा ताप त्यांच्यामुळेच आहे, आणि बोलणी आम्ही खातो.

'फॉरमॅट करताना जागा जाते' हे उत्तर तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल, बाजारात सर्रास देतात. फॉरमॅटमध्ये जागा जाते, पण ती एमबीत मोजण्याइतकी. ६९ जीबी त्यात जात नाहीत.

तुम्ही असंही विचारलंय की आमच्याकडूनच घेतलेली ८ जीबी रॅम पूर्ण ८ कशी दिसते? रॅमच्या चिपमध्ये पत्त्याची (कुठल्या कप्प्यात डेटा आहे ते सांगणारी) एक लाइन वाढवली की जागा दुप्पट होते. दोनाच्या पटीत वाढत जाणाऱ्या त्या हिशेबाला १०२४ च सोयीचं, म्हणून रॅम बनवणाराही त्यानेच मोजतो आणि विंडोजही. हार्डडिस्कच्या तबकडीला असं बंधन नाही, तिथे जेवढे सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे कप्पे, बसतील तेवढे बसवतात. (आणि फ्लॉपी आठवतेय का? तिच्यावरचं १.४४ एमबी तर दोन्ही हिशेबांत बसत नाही. १४४० केबी, प्रत्येक केबी १०२४ बाइटचा, आणि त्याचे एमबी करताना भागलं हजाराने! आम्ही तीही विकली, पण तेव्हा कुणी एक स्टार दिला नाही.)

पुढच्या वेळी २ टीबी घेणार, पण दुसरीकडून, असं म्हणालात. जरूर घ्या. तिथेही विंडोजवर १.८१ च दिसेल, ऑनलाइन घेतली तरी तेच. माप जितकं मोठं तितका हा फरक वाढतो : केबीला २.४ टक्के, जीबीला ७.४, टीबीला जवळजवळ १०. अमेरिकेत हे भांडण कोर्टात गेलं होतं. हार्डडिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये तडजोड करून ग्राहकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट देऊ केलं. जीबी मात्र आजही हजाराच्याच हिशेबाने छापतात.

तुमचा फोटो स्टुडिओ आहे, म्हणून कामाची गोष्ट सांगतो. ६४ जीबीचं कार्ड विंडोजवर साठच्या आतच दिसतं, म्हणजे कार्ड आणि डिस्क दोन्ही त्याच प्रमाणात लहान दिसतात. १५ भरलेली कार्डं या डिस्कमध्ये खोक्यावरच्या हिशेबानेही बसतात आणि विंडोजच्याही. लग्नसराईत नवी डिस्क कधी घ्यायची हे ठरवताना दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे धरा, म्हणजे फसगत होणार नाही.

खरी फसवणूक कुठे असते तेही बघून ठेवा. पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो ना, त्याच्या आतला कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, कॉम्प्युटरला खोटं माप सांगतो. प्रॉपर्टीजमध्ये सगळं झकास दिसतं, कॉपीही होत राहते, आणि खरी जागा संपली की पुढच्या फायली उघडतच नाहीत. असा माल ओळखायचा तर तो काठोकाठ भरून परत वाचून बघावा लागतो. त्यासाठी एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे.

आमच्या डिस्कबद्दल अजूनही शंका असेल तर ती घेऊन या, हीच तपासणी तुमच्यासमोर लावतो. तपासणीचे पैसे घेणार नाही, पण १ टीबी भरायला कित्येक तास लागतात, तेव्हा सकाळी दुकान उघडतानाच या. आतला डेटा आधी दुसरीकडे काढून ठेवा, आणि येताना बिल व केबल दोन्ही आणा. तपासणीत एक जरी सेक्टर खराब निघाला तर वॉरंटीत बदलून मिळण्यासाठी पाठवायचं काम आमचं.