लॅम्डाची साडेसाती

नवा सायलेन्सर बसवला की गाडीला आवाज मिळतो आणि मालकाला उद्योग. दुसऱ्या दिवशी थ्रॉटल सोडल्यावर मागून फटाके सुरू होतात, तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी उचक्या देते, आणि चौथ्या दिवशी कोणीतरी जाणकार हेल्मेट काखेत धरून निदान करतो, "लीन चाललीये. ट्यून करून घे." लीन म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी.

१ एप्रिल २०२० ला धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तोवर हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवण्याचं हे काम एका स्क्रू-ड्रायव्हरचं होतं. मिक्स्चरचा स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे, मेस्त्रीनं मान तिरकी करून ऐकायचं आणि "झालं साहेब" म्हणायचं. आता त्याच कामाला लॅपटॉप, केबल, सॉफ्टवेअरचं लायसन्स, आर्गन वेल्डर आणि सोसायटीतल्या लोकांची सहनशीलता एवढा सरंजाम लागतो. सहनशीलता सगळ्यात आधी संपते.

या प्रकरणातला मुख्य साक्षीदार म्हणजे बेंड पाइपमधला, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीतला, ऑक्सिजन सेन्सर. तो पेट्रोल मोजतो असं बहुतेकांना वाटतं. तो पेट्रोल अजिबात मोजत नाही. बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, एवढंच त्याला कळतं. पेट्रोलचा अंदाज आपला आपण बांधायचा. ट्यूनिंगमधली बरीचशी फजिती या एका गोष्टीच्या विस्मरणातून होते.

कंपनीनं दिलेला सेन्सर सहसा नॅरोबँड जातीचा. साधारण ३०० अंशांच्या पुढे तापला की तो बोलू लागतो. ०.१ व्होल्ट म्हणजे पेट्रोल कमी, ०.९ म्हणजे जास्त, आणि ०.४५ ही मधली रेष, म्हणजेच लॅम्डा १. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रत्यक्ष प्रमाण भागिले योग्य प्रमाण; १च्या वर लीन, १च्या खाली रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. शुद्ध पेट्रोल असेल तर १ किलोला १४.७ किलो हवा. पण ही रेष म्हणजे कडा आहे. जरा अलीकडे ०.८, जरा पलीकडे ०.२, मधलं काही नाही. काही माणसं आमटी चाखून "खारट" किंवा "अळणी" एवढंच सांगतात, किती ते विचारलं की पानावरून उठतात, त्यातला हा प्रकार. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, बिचारा चिमूटभर घालतो, चिमूटभर काढतो, सेकंदाला एकदोनदा, गाडी बंद होईपर्यंत. आमटीतलं मीठ काढता येत नाही, पेट्रोल काढता येतं, तेवढी त्याची सोय.

याला क्लोज्ड लूप म्हणतात. तो चालतो आयडलला आणि संथ, एकसारख्या वेगात. थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीयू सेन्सरचं ऐकणं सोडून देतो आणि स्वतःच्या नकाशातले, म्हणजे किती आरपीएमला आणि किती थ्रॉटलला किती पेट्रोल या तक्त्यातले, आकडे वापरतो. हा ओपन लूप. आता गंमत बघा. हौशी ट्यूनर रात्री बारापर्यंत बसून संथ वेगाच्या घरांमध्ये ५ टक्के पेट्रोल वाढवतो. सकाळी पहिल्या दोन किलोमीटरांत ईसीयू सेन्सरचं ऐकून ते ५ टक्के गुपचूप काढून टाकतो. मालकाला मात्र पिकअप वाढल्याचं स्पष्ट जाणवतं आणि तो तसं चार लोकांना सांगतो.

"हवेच्या तापमानाच्या वायरीत लावायचा जादूचा डबा" याच वर्गातला. तो रेझिस्टर लावून हवा आहे त्यापेक्षा थंड भासवतो आणि ईसीयू थोडं पेट्रोल जास्त देतो. ओपन लूपमध्ये त्याचा परिणाम होतो, क्लोज्ड लूपमध्ये सेन्सर हिशेब परत जागेवर आणतो. आणि "सेन्सरच काढून टाका, मायलेज वाढेल" हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजावा, गाडी देऊ नये. सेन्सर काढला की ईसीयू चेक इंजिनचा दिवा लावतो आणि अंदाजपंचे चालवतो.

म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी गळती शोधा. हे काम कंटाळवाणं आहे, फोटो काढून दाखवण्यासारखं नाही, त्यामुळे कोणी करत नाही. सिलिंडरहेड आणि बेंड पाइपमधलं पॅकिंग एकदा दाबलं गेलं की गेलं. जुनंच परत बसवलं तर तिथून फट राहते. धुराच्या दोन लाटांमध्ये पाइपात क्षणभर ओढ तयार होते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत येते. सेन्सर ऑक्सिजन पाहतो, लीन म्हणतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिन काजळी धरतं, मायलेज पडतं, आणि स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं. तपासायचं तर गाडी थंड असताना व्हॅक्युम क्लीनरचं फुंकणारं तोंड सायलेन्सरला कपडा गुंडाळून लावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले की ट्यूनिंगचा खर्च वाचला. थ्रॉटल बॉडी आणि हेडमधलं रबर तडकलं असेल तर तीही गळतीच. सिलिकॉन वापरायचं झालं तर डब्यावर "सेन्सर-सेफ" लिहिलेलंच वापरा. साध्या सिलिकॉनच्या वाफेनं सेन्सर मरतो. सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ, म्हणजे आटे जाम न होऊ देणारं मलम, चालतं, टोकाला नाही.

वॉल्व्हचं क्लिअरन्स, प्लग, एअर फिल्टर, बॅटरी हे सगळं यातच आलं. बॅटरीचा संबंध काय म्हणाल, तर व्होल्टेज पडलं की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर उशिरा उघडतो आणि त्याच आकड्याला पेट्रोल कमी पडतं. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. नसतील तर आधी चार्जिंग बघा, लॅम्डा पळून जात नाही.

मिसफायर ही या खेळातली सगळ्यात वाईट चकवा देणारी भानगड. पेट्रोल इतकं झालं की प्लग ओला होऊन ठिणगी चुकते. न जळलेलं पेट्रोल आणि त्याच्यासोबतचा सगळा ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो. सेन्सर ऑक्सिजनच बघतो, त्यामुळे तो म्हणतो लीन. ईसीयू आणखी पेट्रोल देतो, प्लग आणखी ओला. ज्या गाडीच्या सायलेन्सरमधून काळा धूर येतोय तिच्या मीटरवर लीनचा आकडा दिसला की आकड्यावर नाही, धुरावर विश्वास ठेवा.

आकड्यांत बोलायचं असेल तर वाइडबँड सेन्सर लागतो. बॉशचा एलएसयू ४.९ हा सगळीकडे दिसतो. त्याच्या कनेक्टरमध्ये कॅलिब्रेशनचा रेझिस्टर असतो, म्हणून कनेक्टर कापून वायरी सोल्डर करण्याची हौस आवरा. त्याला १८ मिलिमीटर आट्यांचं बंग, म्हणजे पाइपला वेल्ड केलेली सेन्सरची बैठक, लागतं. बऱ्याच गाड्यांच्या स्वतःच्या सेन्सरचे आटे १२चे असतात, त्यामुळे वेल्डिंग आलंच. बंग पाइपच्या वरच्या अंगाला, घड्याळाच्या १० ते २ या काट्यांमध्ये, म्हणजे पाणी सेन्सरवर साचणार नाही. तापलेल्या सिरॅमिकवर थेंब पडला की तडा गेलाच समजा. आणि सेन्सर पाइपात ठेवून त्याची वीज बंद करून गाडी फिरवू नका, थंड टोकावर काजळी बसते.

आता पेट्रोल. पंपावर आज मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याचं योग्य प्रमाण १४.७ नाही, साधारण १३.५. वाइडबँडचा मीटर आतून लॅम्डाच मोजतो आणि १४.७ नं गुणून आकडा दाखवतो. पेट्रोल बदललंय याची त्याला खबरही नसते. "माझा मीटर १३.५ दाखवतो म्हणजे ई-२० साठी बरोबर" असं म्हणणाऱ्या माणसाची गाडी प्रत्यक्षात लॅम्डा ०.९२ वर, म्हणजे ८ टक्के रिच चाललेली असते. मीटर लॅम्डावर टाका आणि गुणाकाराला रामराम करा. संथ वेगाला ०.९७ ते १.०, पूर्ण थ्रॉटलला ०.८६ ते ०.९०. एअर-कूल्ड इंजिन असेल तर उन्हाळ्यात किंचित रिचकडे झुकलेलं बरं.

प्रत्यक्ष काम असं. क्लोज्ड लूप सॉफ्टवेअरमधून तात्पुरता बंद करायचा, नाहीतर आपण एकीकडे ओढतो आणि ईसीयू दुसरीकडे. इंजिन पूर्ण गरम करायचं. मग नकाशातलं एकेक घर घ्यायचं, म्हणजे ठरावीक आरपीएम आणि ठरावीक थ्रॉटल. नवा आकडा म्हणजे जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. ४,००० आरपीएम, २० टक्के थ्रॉटलच्या घरात ६८ आहे, मोजलेला लॅम्डा १.०६, पाहिजे ०.९८, उत्तर ७३.६. हे पूर्ण घालायचं नाही, निम्मं घालायचं, परत मोजायचं. शेजारच्या घरांशी उंचसखल झालं तर हातानं गुळगुळीत करायचं, नाहीतर गाडी त्या एका आरपीएमला धक्का देते आणि लोक क्लच प्लेट बदलतात.

मोजताना थ्रॉटल तीनचार सेकंद हलता कामा नये, कारण धूर सेन्सरपर्यंत पोहोचायला आणि सेन्सरला उत्तर द्यायला वेळ लागतो. घाई केली तर एका घरातला धूर दुसऱ्या घराच्या नावावर जमा होतो. आता पुण्यात तीनचार सेकंद थ्रॉटल स्थिर ठेवता येईल असा रस्ता शोधा. रिक्षा, कुत्रं, नवा स्पीडब्रेकर आणि "दादा, कितीचं बसवलं?" विचारणारा शेजारचा स्कूटरवाला, यांतलं काहीतरी येतंच. म्हणून मी म्हणतो, पैसे मोजून लोड देणारा डायनो, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर चालवून मोजणारं यंत्र, घ्या. आणि रस्त्यावर करायचंच तर लॉग रेकॉर्ड करा; चालवताना मीटर बघणाऱ्याची पुढची ट्यूनिंग हाडवैद्य करतो. थ्रॉटल सोडल्यावर ईसीयू पेट्रोल बंद करतो, तेव्हा मीटर थेट हवा दाखवतो. त्या ओळी लॉगमधून वगळा. एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी नळी असेल तर मोजताना तिलाही बूच.

आयडल मात्र या पद्धतीनं सोडवू नका. आखूड, मोकळ्या सायलेन्सरमधून कमी आरपीएमला बाहेरची हवा उलटी आत येते आणि सेन्सर पुन्हा लीनचा धोशा लावतो. तिथे डोळ्यांत पाणी आणणारा वास आणि आरपीएमचा काटा हेच खरे. तसा असा सायलेन्सर कायद्यातही बसत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवलाय. तिथे कुणी लॅम्डा विचारत नाही.

दोन सिलिंडर, दोन सेन्सरची गाडी असेल तर एक खास विनोद राखीव असतो. टाकी काढून परत बसवताना सेन्सरच्या वायरींचे दोन्ही कपलर अदलाबदल होतात, कारण बरेचदा ते सारखेच असतात. मग डाव्याची तक्रार उजव्याला लागू. डावं जरा लीन झालं की उजव्याला पेट्रोल वाढतं, उजव्याचा सेन्सर रिच म्हणतो, म्हणून डाव्याचं पेट्रोल कमी होतं, ते आणखी लीन. स्कॅनरवर ईसीयूनं केलेली एकाच्या पेट्रोलची दुरुस्ती अधिकच्या टोकाला, दुसऱ्याची उण्याच्या टोकाला. असं चित्र दिसलं की नकाशाला हात लावू नका, रंगीत टेप आणा आणि कपलर बघा.

सगळं झालं की क्लोज्ड लूप परत चालू करा, ईसीयूनं आधी शिकलेले दुरुस्तीचे आकडे पुसा, एक टाकी पेट्रोल जाळा आणि नवे आकडे बघा. ५ टक्क्यांच्या आत असतील तर उत्तम, १०च्या पुढे गेले तर पुन्हा साबणाचं पाणी. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो, पण तेवढं ईसीयू स्वतः सांभाळतो. बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधीच तो दाब वाचला जातो. त्यामुळे घाटात गाडी अडखळली तर चहाच्या टपरीवर थांबा, किल्ली बंद-चालू करा, आणि लॅपटॉप बॅगेतच राहू द्या. वाइडबँड काढल्यावर बंगच्या भोकाला तांब्याच्या वॉशरसकट प्लग लावायला विसरू नका.