एकदम सेफ

"जावईबापू, वर बसून तर पाहा. राजासारखं वाटते," असं माझा मोठा साळा गेले सहा महिने म्हणत होता. मी ते हसण्यावारी नेत होतो. तेवढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं आणि रामटेकला खिंडसी तलावाच्या काठावर मुक्कामाचा बेत तर आधीच ठरलेला होता. म्हणजे सिंहासन रिकामं आणि घरात एकच जावई.

गाडी कशी आली ते थोडक्यात सांगतो. साळ्याची मुलगी टेक्सासमध्ये असते. तिच्याकडे गेला तेव्हा या माणसाने मोटरहोम पाहिली. बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास. तिथल्या बहुतेक राज्यांत चाळीस फुटी घर हाकायलासुद्धा साधं कारचं लायसन चालतं, हे ऐकून तो भारावलाच. परत आला आणि बसच्या चासीवर बांधलेली एक सव्वीस फुटी सेकंडहँड कॅरव्हॅन घेऊन टाकली. रंग पांढराफटक. कॉलनीतली पोट्टी तिला 'अँब्युलन्स' म्हणतात आणि कधी कधी गाडीमागे धावत सायरनही वाजवतात, तोंडाने.

माझी सगळी ड्रायव्हिंगची हयात आल्टोत गेली. म्हणून मी शेवटचा बचाव कायद्याचा केला. म्हटलं, "माझं लायसन हलक्या वाहनाचं आहे हो." साळा याच वाक्याची वाट पाहत होता. म्हणाला, "साडेसात हजार किलोपर्यंत हलकंच असते." आणि हे खरं आहे! आपल्या कायद्यात साडेसात टनांपर्यंतचं वाहन म्हणजे हलकं वाहन. त्याच लायसनवर तेवढ्या वजनाचं मालवाहू-प्रवासी वाहनही चालवता येतं, असं २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगून टाकलं. साडेसात टन म्हणजे दीड हत्ती. दीड हत्ती हलका आहे असं पाच न्यायमूर्ती म्हणत असताना नागपुरातल्या प्रतापनगरच्या माणसाने 'नाही' म्हणायचं, हे बरं दिसलं नसतं.

तर शनिवारी सकाळी सात वाजता मी वर चढलो. 'वर चढलो' हेच बरोबर, कारण गाडीत बसतात, हिच्यात चढावं लागतं. आणि कबूल करतो, वर बसल्याक्षणी छाती दोन इंच फुगली. ज्या एसयूव्हीवाल्यांनी आजवर मागून लाईट मारून मारून माझ्या आल्टोला नालीत घातलं होतं, त्यांची टपं दिसत होती. एकाच्या टपावर कबुतरांनी काय करून ठेवलं होतं तेही दिसलं. समोर काच एवढी मोठी की पडदा लावला तर थेटर होईल.

"कसं वाटून राहिलं?" काळा चष्मा लावून शेजारी बसलेल्या साळ्याने विचारलं.

"एकदम सेफ," मी म्हणालो.

मागून हिचा आवाज आला, "अहो, हळू न! अजून डबे लावायचे आहेत."

या गाडीची पहिली गोम अशी की पुढचं चाक ड्रायव्हरच्या मागे असतं. आल्टोत आपण चाकाच्या मागे बसतो, वळायचं ठिकाण आलं की वळतो. इथे वळणाच्या ठिकाणी आलं की वळायचं नाही. आपण स्वतः वळणाच्या पुढे, समोरच्याच्या कुंपणाच्या तोंडाशी जाऊन पोचेपर्यंत धीर धरायचा आणि मग स्टेअरिंग फिरवायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी समोरच्या काकांच्या व्हरांड्यात एवढा घुसलो की त्यांनी पेपर खाली ठेवून "चहा घेता का?" असं विचारलं. मग उजवीकडे वळलो.

दुसरी गोम मागे असते. मागच्या चाकाच्या पलीकडे या घराचा सातेक फूट भाग, म्हणजे संडास आणि कपाट, नुसताच लोंबकळत असतो. तुम्ही उजवीकडे वळलात की तो डावीकडे झुलतो. बाई चालताना पदर फेकते ना, तसा. डाव्या बाजूच्या विजेच्या खांबापाशी मागे कुठेतरी 'खस्स' असा लांबलचक आवाज आला.

"काय झालं?"

साळ्याने एका डोळ्याने डावीकडे पाहिलं. "काही नाही जी. फांदी असन. सगळं क्लिअर."

मी डाव्या आरशात पाहिलं. निळंभोर आकाश, दोन कावळे. क्लिअर.

शंकरनगरच्या सिग्नलला थांबलो तर फुटपाथवरच्या एका गृहस्थांनी गाडीकडे पाहून हात जोडले. मीही जोडले. पुढे सीताबर्डीत दोन बाया थांबून बघत राहिल्या, त्यातल्या एकीने विचारलं, "दादा, कुठं जाऊन राहिली गाडी?" म्हटलं, "रामटेकला." ती हिरमुसली. "आमच्याकडं कधी येईन?" मला वाटलं, काय हे शहर! एक सव्वीस फुटी गाडी दिसली तर माणसं आपली मानतात. तेवढ्यात एक स्कूटरवाला काचेशी आला आणि म्हणाला, "बीपी पण पाहता का जी?" मी म्हटलं, हे अँब्युलन्सचं आता कॉलनीबाहेरही पसरलं तर!

पण खरं सांगतो, त्या हात जोडण्याने मी जास्तच निर्धास्त झालो. आपण चांगलं चालवतो असं वाटायला दुसरं काय लागतं?

एलआयसी चौकात प्रश्न आला, खालून की वरून? कामठी रोडला गड्डीगोदामापाशी चार मजले आहेत. खाली रस्ता, वर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. मी विचारलं, "आपली उंची किती?"

"कागदावर तीन मीटर दहा."

"आणि खरी?"

"वर एसी बसवला नं मी. तो धरला नाही."

मी वरून गेलो. खाली रेल्वेच्या गर्डरला एसी अर्पण करण्यापेक्षा वरची हवा बरी. पण वर गेल्यावर डोक्यावर मेट्रोचं छत दिसायला लागलं. ते भरपूर उंचावर आहे हे डोक्याला कळत होतं, मानेला कळत नव्हतं. साडेपाच किलोमीटरच्या त्या पुलावर मी मान आत घालून गाडी चालवली, जणू एसी माझ्याच टाळूवर बसवलाय.

या उंचीची आणखी एक लबाडी आहे. जमीन जितकी लांब, तितकी ती सावकाश सरकताना दिसते. मी आपला चाळिशीच्या वेगात रमतगमत चाललोय अशा समजुतीत होतो. काट्याकडे नजर गेली तर पंचाहत्तर! आल्टोत पंचाहत्तर म्हणजे दारं थरथरतात, बायको देवाचं नाव घेते, सगळ्यांना कळतं. इथे कळलं ते फक्त पाण्याला. छतालगतच्या टाकीत दीडशे लिटर भरलेलं, म्हणजे दीडशे किलो. मी ब्रेक मारला, गाडी थांबायला लागली, पाणी थांबलं नाही. ते पुढे आलं, टाकीच्या भिंतीवर धडकलं आणि त्याने गाडीला आणखी एक धक्का दिला. मागे फ्रिजचं दार उघडलं, तर्रीचा डबा सुटला आणि घरंगळत थेट माझ्या टाचेशी आला. लाल धार ब्रेकच्या पायाकडे निघाली.

"अहो, तर्री!" ही ओरडली. तिचा जीव गाडीपेक्षा तर्रीत जास्त होता, आणि ते योग्यच होतं. झाकण निघालं होतं.

"सेफ नं?" साळा म्हणाला.

"एकदम," मी म्हणालो. ओठ कोरडे पडले होते.

कन्हानच्या पुढे हायवेवर ट्रकांनी आमची हजेरी घ्यायला सुरुवात केली. बाजूने ट्रक जाताना आधी त्याच्या तोंडासमोरची हवा तुम्हाला डावीकडे ढकलते. तुम्ही घाबरून उजवीकडे स्टेअरिंग देता. तेवढ्यात ट्रक अर्धा पुढे गेलेला असतो आणि त्याच्या बाजूची हवा तुम्हाला उजवीकडे ओढते. म्हणजे ढकलला तेव्हा मी ओढला आणि ओढला तेव्हाही मीच ओढला. एका सोळाचाकीने असं केलं की मी क्लीनरच्या दातांतली तंबाखू पाहिली.

आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की या गाडीला नाक नाही. आल्टोला गरिबाचं का होईना, बोनेट आहे. काही झालं तर आधी ते दबेल, मग आपण. इथे समोरचा ट्रक आणि मी यांच्यामध्ये एक काच, एक फायबरचा पत्रा आणि माझे दोन गुडघे. साळ्याला म्हटलं, तर तो अभिमानाने म्हणाला, "तिकडच्या मोठ्या मोटरहोमही अशाच चपट्या तोंडाच्या असते. कित्येकींत तर एअरबॅगसुद्धा नसते!" म्हणजे राजासारखं वाटायचं ते जुन्या राजांसारखं, ज्यांना हत्तीवर सगळ्यात पुढे, सगळ्यात उंच आणि सगळ्यात स्पष्ट दिसेल असं बसवत.

मनसरला चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली. उभी केली म्हणजे ती कशीबशी थांबली आणि मी तिला हरकत घेतली नाही. साळ्याने दार उघडलं, तोच पांढरं धोतर, पांढरी टोपी असलेले एक आजोबा आत चढले, सोफ्यावर बसले आणि बाही वर केली.

"घ्या," म्हणाले.

साळ्याकडे मशीन असतंच. साठीच्या वर घरटी एक असतं. त्याने काही न विचारता पट्टा बांधला. १२८ बाय ८०. आजोबा खूश. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "डायवर सायबाचं पाहा न जी. घामाघूम होऊन राह्यले."

मी 'नको, नको' म्हणेपर्यंत हिने पट्टा बांधला होता. मशीन गुरगुरलं, फुगलं, थांबलं. १७८ बाय १०४. साळ्याने मशीन हलवून पुन्हा लावलं. १८१.

"तुमचंही बघू," मी साळ्याला म्हटलं.

"माझं सकाळीच झालं," तो म्हणाला आणि काळा चष्मा नीट केला.

आजोबा माझ्या सीटपाशी येऊन उभे राहिले. एसटीत तीस वर्षं डायव्हर होते, हे त्यांनी सांगितलं नसतं तरी स्टेअरिंगकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून कळलंच असतं. डाव्या आरशाकडे बघून म्हणाले, "हे काय लावून ठेवलं बापा? कावळे मोजता का? गाडीची कड दिसली पायजे, मांगचं चाक दिसलं पायजे." खाली उतरून त्यांनी काठीच्या मुठीने आरसा एकदा इकडे, एकदा तिकडे ठोकला. "आता पाहा."

मी पाहिलं. प्रतापनगरहून निघाल्यापासून पहिल्यांदाच मला माझ्या गाडीची डावी कूस दिसली. मागच्या शिडीत अडकून, तुटलेल्या सुतळ्यांसकट, अख्ख्या कुशीला पांघरलेलं एक भलं मोठं फ्लेक्स होतं. गॉगल लावून हात जोडलेले भाऊ, आणि खाली लाल अक्षरं : 'प्रभागाच्या लाडक्या भाऊंच्या वाढदिवसानिमित्त मोफत बीपी व शुगर तपासणी.'

फांदी असन.

मी उतरायला दार उघडलं. खाली टपरीपासून गाडीच्या पायरीपर्यंत बाह्या वर करून सात माणसं उभी होती. तर्री पुसून झालेला कपडा पिळत हिने बाहेर डोकावलं आणि म्हणाली, "अहो, शुगरचं काही आहे का आपल्याकडे?"

साळा मशीनला नवे सेल घालत होता.