वास येत नाही

आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेचे संपादक बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि तिथले लाल पेन त्यांनी सोबत आणले असावे, असा माझा समज आहे. पुण्याच्या महात्मा फुले मंडईवर मी लिहिलेला लेख त्यांनी परवा परत पाठवला. समासात एवढेच लिहिले होते : ‘वास येत नाही.’ गेली तीस वर्षे दर रविवारी मी मंडईतून पिशवी भरून आणतो. हे गृहस्थ मात्र भाजी मोबाइलवरून मागवतात आणि ती घ्यायला दारापलीकडे पाऊलही टाकत नाहीत. त्यांना वास येत नाही, याला माझी शैली कितपत जबाबदार धरावी?

तरीही काल सकाळी मी वही घेऊन मंडईत उभा राहिलो. हातात पिशवीचे ओझे नसल्यामुळे मान वर गेली आणि मधला मनोरा अष्टकोनी असल्याचे लक्षात आले. लेखात मी तो चौकोनी केला होता. वास शोधणाऱ्या संपादकांच्या नजरेतून चार कोन निसटले, याचे मला थोडे समाधान वाटले, हे कबूल करतो. ही इमारत १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली. नगरपालिकेचे सभासद असताना तिच्या खर्चाला विरोध करणाऱ्या जोतीराव फुल्यांचेच नाव पुढे तिला मिळाले. त्या न्यायाने माझ्या लेखावर उद्या संपादकांचे नाव छापले गेले, तर तक्रार कोणाकडे करायची?

हा विचार चालू असतानाच, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणाऱ्या आजींनी मला हटकले.

“कोणत्या खात्याचे, साहेब?”

“खात्याचा नाही, आजी. मंडईचं वर्णन लिहितोय.”

“का? मंडई कुणी पाह्यली नाही का?”

प्रश्न रास्त होता. संपादकांना कोथिंबिरीचा वास हवा आहे, असे मी चाचरत सांगितले. आजींनी शेजारच्या मिरचीवालीला हाक मारली, “अगं, हे साहेब वास लिहून न्यायला आलेत!” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “वाचा बघू, काय लिहिलंय.”

मी वाचले : ‘कोथिंबिरीचा हिरवागार सुगंध दरवळत होता.’

“हिरवी कोथिंबीर असते. वास कसा हिरवा असंल?”

“आणि दरवळतो तो मोगरा,” मिरचीवालीने शिक्कामोर्तब केले.

आता यात माझा एकट्याचा दोष नाही. आम्हाला शाळेत गुण मिळायचे ते विशेषणांना. टोमॅटो लालबुंद, बाजार गजबजलेला आणि निबंधात किमान दोन ठिकाणी ‘जणू’. कोणत्याही गुरुजींनी आम्हाला एखादी जुडी हातात देऊन ‘हुंगा’ असे सांगितले नाही. पन्नाशीत ते शिक्षण मला भर बाजारात, चार गिऱ्हाइकांदेखत घ्यावे लागले, आणि ती गिऱ्हाइके हसत होती.

आजींनी मात्र मन लावून शिकवले. पहाटे आलेल्या जुडीच्या मुळांना ओल्या मातीचा वास असतो. पावसात भिजलेली जुडी बांधलेल्या ठिकाणी आतून तापते आणि तिला आंबूस वास येतो. नुसत्या पाण्यावर टवटवीत ठेवलेली असेल, तर वरून काही कळत नाही, देठाशी नाक न्यावे लागते. मी भराभर लिहून घेतले. यातले काहीही माझ्या लेखाच्या अडीच पानांत आले नव्हते.

“झालं लिहून? मग जुडी घ्या. तीस रुपये.”

“रविवारी तर वीसला देता.”

“रविवारी तुम्ही काही विचारत नाही.”

तीस रुपये दिले. घरी आल्यावर वही उघडून पत्नीला उत्साहाने सगळे वाचून दाखवू लागलो, तोवर तिने जुडी सोडली होती.

“ही कालची आहे,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“वासावरून.”