दावण नसलेल्याचे मत

साखर कारखान्याच्या मळीवर यीस्ट वाढवून त्याचे पशुखाद्य करावे, असे सोलापूरच्या आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात एका भाच्याने सुचवले, आणि "जंतू घालून म्हशी मारायच्या आहेत का?" असे विचारून मोहोळच्या दादांनी त्याला गप्प केले. त्या एका वाक्यावर पडलेले अंगठे पाहून आलेला राग अजून उतरलेला नाही.

मी राहतो त्या इंग्लंडमधल्या टीसाइडमध्ये, बिलिंगहॅमला, फ्युझेरियम वेनेनाटम ही बुरशी उंच टाक्यांत ग्लुकोजवर वाढवून क्वॉर्न हा मांसाऐवजी खायचा पदार्थ तयार करतात. १९८५ साली त्याची विक्री सुरू झाली. आज ॲस्डा या सुपरमार्केटात ते पाकीट उचलताना कोणी वळूनही पाहत नाही. या बुरशीत आरएनए हे पेशीतले आम्ल अधिक असते आणि त्याने माणसाच्या रक्तातले युरिक ॲसिड वाढू शकते, म्हणून उष्णता देऊन ते आधी कमी केले जाते. शंका घ्यायचीच तर अशी नेमकी घ्यावी. आणि जंतूंचेच म्हणाल, तर दादांच्या म्हशीला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा तिच्याच कोठीपोटातल्या जिवाणूंच्या शरीरातून येतो. दादा कडब्यावर युरियाचे पाणी शिंपडून तो मुरवतात, त्यातल्या नत्रावर हेच जिवाणू पोसले जातात आणि पुढे म्हैस त्यांनाच पचवते. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीत सापडलेल्या जर्मनीनेही मळीवर यीस्ट वाढवले होते.

याच बिलिंगहॅममध्ये आयसीआय कंपनीने मिथेनॉलवर जिवाणू वाढवून 'प्रुटीन' नावाचे पशुखाद्य काढले होते आणि स्वस्त सोयापेंडीपुढे ते टिकले नाही, हे मात्र मी गटात लिहिले नाही. (वादात सगळी पाने कोण उघडी करतो?) आपल्याकडेही खरी अडचण तीच आहे: मळीला इथेनॉलचे गिऱ्हाईक असताना कारखाना ती यीस्टसाठी का देईल, आणि दिली तरी तयार माल सरकी पेंडीच्या भावात बसेल का? दादांनी हे विचारले असते, तर मी निमूट ऐकून घेतले असते.

त्यांनी विचारले ते वेगळेच. "तुझ्या दावणीला काय बांधलंय?" माझ्या दावणीला काहीच नाही, आणि ज्या क्वॉर्नची मी एवढी तरफदारी करतो, तेसुद्धा घरून आलेल्या काळ्या तिखटात परतल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाही. इथल्या शेजाऱ्यांना यात वाद घालण्यासारखे काही वाटत नाही, आणि तिकडच्यांना माझे मत परक्याचे वाटते. तरीही मोहोळच्या सातबाऱ्यावर माझे नाव अजून लागलेले आहे. तेवढ्या हक्काने भाच्याची बाजू मी गटात पुन्हा मांडणार आहे, आणि या वेळी प्रुटीनसकट.