पिल्लांना नको, आधी आईला खायला घाला

सदाशिव पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर रविवारी चहा थंड होईपर्यंत भांडण चाललं. विषय होता विजेच्या डीपीमागे व्यालेली काळी कुत्री.

नितीन म्हणाला, "पिल्लं घरी नेतो, खोक्यात ठेवतो. ड्रॉपरने गाईचं दूध पाजेन."

मंदारचं उलटंच. "गाडीत घाला सगळी आणि खडकवासल्याकडे सोडून या. ती आत्ताच माणसांवर गुरगुरतेय."

मला दोघांचाही राग आला. नितीनचा जरा जास्तच, कारण प्रेमापोटी पिल्लं मारायची ही अगदी नेहमीची रीत आहे. "अरे, त्यांचे डोळे अजून उघडलेले नाहीत. ते दहा-चौदा दिवसांनी उघडतात. तोवर त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आईने चाटल्याशिवाय शी-शूसुद्धा होत नाही. तू ड्रॉपर घेऊन रात्रभर दर दोन तासांनी उठणार का? आणि गाईच्या दुधाने त्यांना जुलाब लागतात."

"मग नुसतं बघत बसायचं?"

"नाही. आईला खायला घाल! दूध तिच्याच अंगातून जायचंय. भात, उकडलेलं चिकन, अंडी, दिवसातून तीन-चार वेळा, आणि शेजारी पाण्याचं भांडं. थंडी आहे, म्हणून खाली कोरडं पोतं आणि वर पत्रा. बस."

वैशालीने विचारलं, "आणि तीच आजारी पडली तर?" हा प्रश्न खरा महत्त्वाचा होता. दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरू शकतं, बहुतेक पहिल्या महिन्यात. ती धापा टाकते, पाय ताठरतात, अंगाला कापरं भरतं. अशा वेळी उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच तासाला डॉक्टर. पिल्लांना जंताचं औषध दोन आठवड्यांपासून आणि लस साधारण सहा ते आठ आठवड्यांत, तीही डॉक्टरांना विचारूनच.

मंदार मात्र हटेना. "आणि सहा महिन्यांनी पुन्हा व्याली की? दर वेळी आपण पोतं पसरायचं?"

हे त्याचं बरोबर होतं आणि मी तसं म्हटलंही. पण खडकवासला हे उत्तर नव्हे. अनोळखी भागात तिथली कुत्री तिला फाडतील, पिल्लं उपाशी मरतील. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणेसुद्धा नसबंदी करून कुत्रं त्याच्याच जागी परत सोडायचं असतं. पिल्लं दोन महिन्यांची होऊन अंगावरून सुटली की हिची नसबंदी करून घ्यायची, एवढंच.

"करून घ्यायची म्हणजे कोणी?" मंदार म्हणाला. "त्या वेळी सगळे गायब असतात."

नितीनने मोबाइल काढून दोन महिन्यांनंतरची तारीख टाकली आणि मंदारलाच सोबत यायला सांगितलं. मंदार म्हणाला, गाडी माझी, पण तिला पकडणार तू. त्यावरून पुन्हा सुरू झालं. वैशाली तेवढ्यात अंडी आणायला निघाली.