कदतपोजही

आमच्या डोंबिवलीच्या घरात माणसं चार, कॉम्प्युटर चार आणि टेबल एक. टेबल एक म्हणून मॉनिटर एक, मॉनिटर एक म्हणून कीबोर्डही एक. चाळीतल्या नळावर पहाटे कळशा मांडून ठेवायचे, तशा आमच्याकडे टेबलापाशी वायरी मांडलेल्या असत. ज्याची पाळी त्यानं टेबलाखाली वाकायचं, आधीच्याची वायर उपसायची, आपली खुपसायची आणि वर येताना डोकं आपटायचं. तो आवाज ऐकला की स्वयंपाकघरातून बायको विचारायची, "लागली का हो?" ती वायरीबद्दल विचारत असे.

हक्कदार चौघे. माझा लॅपटॉप, ज्याची स्वतःची स्क्रीन पडून फुटली आहे. बायकोचा डबा-पीसी, ज्यावर ती लोकांची जीएसटीची रिटर्न्स भरते आणि दर महिन्याच्या 20 तारखेच्या आसपास घरात कोणी मोठ्यानं श्वास घेतलेलाही तिला चालत नाही. चिरंजीवांचा रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर, जो नेमका काय करतो हे त्यांनाही सांगता येत नाही. आणि नानांचा असेंबल केलेला डेस्कटॉप. नाना रेल्वेतून निवृत्त झाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी झाले. त्यांचा डेस्कटॉप रात्रंदिवस चालू असतो, कारण बंद केला तर पुन्हा सुरू होईलच याची खात्री कोणी देत नाही.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, केव्हीएम स्विच आणा." म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. एकाच डबीत चारही कॉम्प्युटरच्या वायरी जायच्या आणि बटण दाबलं की पाळी बदलायची. मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "कितना पोर्ट?" मी म्हटलं, "चार." त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अनुकंपा होती हे मला महिन्याभरानं कळलं.

पहिला अडथळा नानांचा. त्यांच्या कॉम्प्युटरला चित्रासाठी जुनी निळी, पंधरा पिनांची व्हीजीए जोडणी. स्विच नव्या पद्धतीच्या जोडणीचा, एचडीएमआयचा. मी शंभर-दीडशे रुपयांची जोडवायर आणली. ती एचडीएमआयमधून व्हीजीएकडे जाणारी निघाली, आम्हाला उलट जायचं होतं. तिला उलटं धरून, फुंकर मारून, नानांच्या सूचनेवरून जरा गरम करूनही पाहिलं. पण व्हीजीएचं चित्र ॲनालॉग आणि एचडीएमआयचं डिजिटल. मध्ये भाषांतर करणारी डबी लागते आणि तिला वेगळी वीज. म्हणजे पुन्हा दादर, पुन्हा ग्रँट रोड.

दुसरा अडथळा बायोडेटाचा. मॉनिटर जोडला की तो कॉम्प्युटरला किमान 128 बाइटांची एक चिठ्ठी देतो : मी अमुक कंपनीचा, इतका रुंद, इतका उंच, मला अमुक झेपतं. शहाणे स्विच ही चिठ्ठी स्वतःजवळ जपून ठेवतात. आमचा स्वस्तातला. पाळी गेली की त्या कॉम्प्युटरला वाटायचं, स्थळ हातचं गेलं. परत आलं की पुन्हा कांदेपोहे, पुन्हा पसंती, आणि तोवर उघड्या खिडक्या घाबरून एका कोपऱ्यात गोळा झालेल्या. रास्पबेरी पायची तर वेगळीच तऱ्हा. सुरू होताना मॉनिटर समोर नसेल तर तो जुन्या टीव्हीच्या पिनेतून चित्र बाहेर सोडत बसतो. नसलेल्या टीव्हीसाठी.

पाळी बदलायला स्क्रोल लॉक दोनदा दाबून आकडा दाबायचा. स्क्रोल लॉक! जन्मभर ज्या बटणाला कोणी विचारलं नाही, ते आमच्या घरात एकदम कर्ते झाले. आमच्या नव्या कीबोर्डवर ते नव्हतंच, म्हणून माळ्यावरून जुना, चहा प्यायलेला कीबोर्ड काढला. ते चुकून तीनदा दाबलं गेलं, की बायकोच्या एक्सेलमध्ये बाण दाबल्यावर चौकट जागची हलत नाही, सगळी शीटच सरकते. हे 19 तारखेला झालं. तपशील सांगत नाही.

पण खरी मेख निराळी. आकडा दाबला की कीबोर्ड लगेच दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जातो, चित्र मात्र चार-पाच सेकंदांनी येतं. मधल्या काळात तुम्ही अंधारात असता आणि बोटं भलतीकडे बोलत असतात.

एका रात्री अकराला मी लॅपटॉपवर जायला निघालो. दोनऐवजी तीन दाबला गेला. स्क्रीन काळी. बोटांनी सवयीनं माझा पासवर्ड टाकला आणि एंटर. पासवर्ड म्हणजे बायकोचं माहेर, कोल्हापूर, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. (आता बदलला आहे.) तेवढ्यात डबीवरचा तीनचा दिवा दिसला. चित्र यायच्या आतच मी घाईनं दोनवर गेलो, काम केलं आणि झोपलो.

तीन म्हणजे नाना. निवृत्तीनंतर ते हट्टानं इन्स्क्रिप्ट, म्हणजे इंग्रजी कीबोर्डवर मराठी अक्षरं उमटवायची सरकारी मांडणी, शिकले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि के दाबला की क, ओ दाबला की द. त्यांची टाकीसफाईची नोटीस अर्धवट उघडी होती. सकाळी त्यांनी ती पूर्ण केली, चष्म्याशिवाय छापली आणि लिफ्टपाशी लावली :

"टाकीच्या सफाईनिमित्त सोमवारी कदतपोजही
पाणीपुरवठा बंद राहील."

संध्याकाळी तळमजल्यावर घोळका. तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, शब्द फारसी असावा, जुन्या दस्तांत असे येतात. एक बाई म्हणाल्या, म्हणजे दिवसभर. पहिल्या मजल्यावरच्यांना त्यात देखभालखर्च वाढल्याचा वास आला. शेवटी सगळे नानांकडे आले. मी दाराआड. नानांनी नोटीस हातात घेतली, चष्मा लावला, वाचली. रेल्वेत छत्तीस वर्षं काढलेला माणूस. गाडी का थांबली हे माहीत नसलं तरी घोषणा करायचीच असते.

"कदतपोजही म्हणजे आवश्यकतेनुसार," ते म्हणाले. "शासकीय मराठी आहे."

घोळका समाधानानं पांगला. दार लावून नाना माझ्याकडे वळले आणि फक्त एवढंच म्हणाले, "तुझ्या त्या डबीला टाळं लावता येतं का रे?"

पुढच्या महिन्याच्या इतिवृत्तात शब्द दोनदा आला. रंगकाम कदतपोजही, वाहनतळाची आखणी कदतपोजही. काल रात्री खाली उतरलो तर वॉचमननं अडवलं.

"साहेब, उद्या पाणी येणार, की कदतपोजही?"